सांगणारा माणूस

आंब्याची पेटी कुणाकडून घ्यायची, हे मराठी माणूस जाहिरात वाचून ठरवत नाही. ऑफिसात देवगडचा कुणी सहकारी असतो, त्याचा एक मावसभाऊ असतो आणि त्या मावसभावाच्या बागेतली पेटी दरवर्षी एप्रिलात आपल्या दारात येते. पैठणी कुठली, शिंपी कोणता, तंबोरा कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा, मुलीला गाणं कुणाकडे शिकायला घालायचं, सगळा व्यवहार तोंडी. ‘मला अमक्यांनी पाठवलंय’ असं म्हणत दुकानाची पायरी चढायची, ही आपली जुनी रीत. द्राक्षांच्या बाबतीतही ती आपण पाळतो. त्याच द्राक्षांची वाइन झाली, की मात्र आपल्याला सांगणारा कुणी उरत नाही.

कारण उघड आहे. पिण्याचा विषय आपल्याकडे घरात बोलायचा नसतो. दारूपायी ज्या घरानं कर्ता माणूस गमावला, त्या घरापुढे तो काढूही नये. पण ज्या घरांवर तशी वेळ आलेली नाही, तिथेही तो कपाटाच्या वरच्या फळीवर, मागे सारून ठेवलेला असतो. (गंमत म्हणजे खालच्याच फळीवर वैद्यांनी दिलेलं द्राक्षासव असतं आणि तेही आंबवलेलंच असतं. आमची आजी ते दोन चमचे घेऊन शांत झोपायची.) ज्या गोष्टीबद्दल बोलायचंच नाही, तिची शिफारस कोण कुणाला करणार? मग लग्नाच्या वाढदिवसाला कुणीतरी एक बाटली भेट देतं. ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये दोन उन्हाळे उभी राहते. तिसऱ्या वर्षी कुणी पाहुणे आले की ती बाहेर निघते. पाहुणे एक घोट घेतात, ‘आंबट आहे हो’ म्हणतात आणि त्या घरापुरता वाइनचा निकाल लागतो. त्या दोन उन्हाळ्यांत बाटलीवर काय गुदरलं असेल, याची चौकशी कुणी करत नाही.

माझं म्हणणं असं, की वाइन ही बाटलीवर छापलेल्या मजकुरानं कळत नाही, किमतीनं तर नाहीच नाही आणि परीक्षकांनी दिलेल्या गुणांनीही फारशी कळत नाही. ती माणसाच्या तोंडून कळते. तो माणूस जाणकार नसला तरी चालेल. तो आपल्याला ओळखणारा मात्र हवा. आंबा निदान हुंगून पाहता येतो, कलिंगड वाजवून घेता येतं. वाइनची बाटली बंद असते आणि एकदा उघडली की परत देता येत नाही. शिवाय एकाच मळ्याची, एकाच नावाची वाइन दोन वर्षांत दोन तऱ्हांची निघते, कारण पाऊस दोन तऱ्हांचा असतो. इतक्या अंधारात हात घालायचा, तर कुणीतरी आधी घातलेला बरा.

कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातली एक हकिगत मला यासाठी फार आवडते. वॉरन विनियार्स्की हा शिकागो विद्यापीठात शिकवणारा माणूस. साठच्या दशकात मास्तरकी सोडून तो बायकामुलांसह नापात आला आणि दुसऱ्यांच्या वाइनरींमध्ये उमेदवारी करू लागला. स्वतःची जमीन कुठे घ्यावी याच्या शोधात असताना १९६९ मध्ये तो नेथन फे नावाच्या शेतकऱ्याकडे गेला. फेच्या मळ्यात कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं होती. ती तो इतरांना विकायचा, पण थोडी मागे ठेवून घरच्यापुरती वाइन करायचा. त्या घरगुती वाइनचा पेला त्यानं पाहुण्यापुढे ठेवला. विनियार्स्की इतकी वर्षं जे शोधत होता, ते त्याला त्या पेल्यात सापडलं. पुढच्याच वर्षी त्यानं फेच्या मळ्याशेजारची जमीन घेतली. तिथे तेव्हा फळबाग होती, ती काढून त्यानं द्राक्षं लावली. ना माती परीक्षणाचा अहवाल, ना बाजारपेठेचा अभ्यास. शेजारच्या शेतकऱ्यानं प्यायला दिलं, एवढाच आधार.

त्या मळ्याची १९७३ सालची वाइन पुढे पॅरिसला गेली. तिथे स्टीव्हन स्परिअर या इंग्रज गृहस्थाचं वाइनचं दुकान होतं आणि पॅट्रिशिया गॅलघर ही अमेरिकन बाई त्याची सहकारी. १९७५ मध्ये ती कॅलिफोर्नियात जाऊन आली आणि तिकडे काहीतरी चांगलं चाललंय असं तिनं त्याला सांगितलं. मग तो स्वतः जाऊन आला. २४ मे १९७६ रोजी त्यानं नऊ फ्रेंच परीक्षक बसवले, लेबलं झाकली आणि फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइन एकत्र चाखायला दिल्या. पांढऱ्यांत शॅटो माँटेलेना आणि लाल वाइनमध्ये विनियार्स्कीची स्टॅग्ज लीप, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, पहिल्या आल्या. त्या दिवशी तिथे एकच वार्ताहर हजर होता. बाटल्या अटलांटिकपार आल्या होत्या त्याही सहलीला निघालेल्या अमेरिकन मंडळींच्या सामानातून! फ्रान्सचा पराभव म्हणून हा दिवस लोकांच्या लक्षात राहिला. मला त्यात दिसते ती साखळी. फेनं विनियार्स्कीला दिलं, गॅलघरनं स्परिअरला सांगितलं, सहलीच्या मंडळींनी बाटल्या उचलल्या. यातलं कुणीही कुणाला जाहिरात दाखवली नव्हती.

आता गुणांबद्दल. रॉबर्ट पार्कर हा मेरीलँडमधला वकील. १९७८ मध्ये त्यानं एक पत्रिका काढली आणि वाइनला शंभरांपैकी गुण द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला तोही आपल्यासारखाच एक हौशी होता. उत्पादकांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, स्वतःच्या जिभेला पटेल तेच लिहायचं, हा त्याचा बाणा खराच कौतुकाचा. पण त्याचं वाचून घेणाऱ्यांनी हळूहळू मजकूर वाचणं सोडलं आणि आकडा तेवढा ठेवला. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला. आकडा निवृत्त झाला नाही. दहावी-बारावीच्या टक्क्यांनी ज्या घरांची झोप उडालेली असते, त्या आपल्यासारख्यांना आकड्याचा मोह काय असतो हे वेगळं सांगायला नको. ब्याण्णव टक्क्यांचा मुलगा आणि ब्याण्णव गुणांची बाटली, दोघांबद्दल मग कुणी पुढे काही विचारत नाही.

या गुणांचं काय खरं, हे तपासायचं एका निवृत्त प्राध्यापकानं मनावर घेतलं. रॉबर्ट हॉजसन हे त्यांचं नाव. त्यांची स्वतःची छोटी वाइनरीही होती. कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनात परीक्षकांना त्यांनी न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा चाखायला दिली. तिन्ही वेळा साधारण सारखाच निवाडा देणारा परीक्षक दहांत एखादाच निघाला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २००१ मध्ये फ्रेडरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बोर्दोमध्ये पांढऱ्या वाइनला बेचव लाल रंग दिला आणि ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं.

हे ऐकून ‘म्हणजे सगळं थोतांडच की’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. गाणं ऐकतानाही आदल्या दिवशीचं जागरण, शेजारी बसलेला माणूस, हॉलमधला उकाडा यांचा परिणाम होतोच. म्हणून गाणं थोतांड ठरत नाही. जीभ एकटी नसते, एवढंच यातून सिद्ध होतं. आणि म्हणूनच ओळखीच्या माणसाचं सांगणं मला गुणांपेक्षा जवळचं वाटतं. त्याच्या सांगण्यात प्रसंगही आलेला असतो. ‘थालीपिठाबरोबर घे, आधी तासभर फ्रिजमध्ये ठेव, आणि चौघांत एकच उघड’ हे कुठल्याही आकड्यात बसत नाही.

आम्ही पुण्यात सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो. यात एक दंतवैद्य आहेत, एक निवृत्त शाळामास्तरीण, दोन इंजिनियर, बँकेतून सुटलेला मी आणि दोघांच्या सौभाग्यवती, ज्यांचं नाक आम्हा सगळ्यांपेक्षा तिखट आहे. ज्याची पाळी असेल त्यानं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. (ही पुरवणीही या कामी आली आहे, संपादकांनी क्षमा करावी.) आणणाऱ्यानं शेवटपर्यंत काही बोलायचं नाही. सुरुवातीला आम्ही परदेशी पुस्तकांतले शब्द वापरायचो. गूजबेरी, ब्लॅककरंट, आणखी काय काय. यातलं एकही फळ आमच्यापैकी कुणी हातात धरलेलं नव्हतं. एके दिवशी आमच्या बाईंनी सोव्हिन्यों ब्लांचा पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ‘‘अहो, हा तर मीठ लावलेला कच्चा पेरू!’’ त्या दिवसापासून आमची भाषा सुटली. नाशिकच्या शेनँ ब्लांमध्ये आम्हाला पिकला पेरू आणि थोडा मध सापडला, कॅबर्नेत जांभूळ आणि मागे ढोबळी मिरची. शिराझमध्ये कुणाला मिरी लागली, तेव्हा इंजिनियरांनी नाक मुरडलं. पण तो भास नव्हता. काळ्या मिरीला तिचा वास देणारं जे रोटंडोन नावाचं द्रव्य, तेच काही शिराझ द्राक्षांच्या सालीत असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं आहे. शिफारस करायची तर आधी असे शब्द हवेत. ‘आवळ्यासारखी तुरट, पण मागाहून पाणी प्यावं तशी गोड’ असं कुणी म्हटलं, की आमच्यातला प्रत्येक जण ती न पिताच ओळखतो.

लक्षात राहिलेल्या बाटल्या मोजल्या तर दहाही भरत नाहीत, पण प्रत्येकीमागे कुणीतरी उभं आहे. दंतवैद्यांचं गाव माळशिरस तालुक्यातलं. त्यांनी एकदा एक लाल वाइन आणली. आम्ही इटलीपर्यंत जाऊन आलो आणि कागद काढला तर ती अकलूजची. सोलापूर जिल्हा म्हणजे ऊस, ज्वारी आणि डाळिंब, एवढंच आमचं ज्ञान. तिथे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू यांनी एकत्र येऊन द्राक्षं लावली. म्हणून नावही फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. टस्कनीच्या पिएरो मासींनी तिथे वाइन घडवली आणि टस्कनीचीच सांजोवेझे ही जात अकलूजच्या उन्हात रुजली. इटलीपर्यंत गेलेला आमचा अंदाज अगदीच वाऱ्यावर नव्हता तर! दंतवैद्य त्या दिवशी कमालीचे खूश होते. आपल्या गावची गोष्ट चार शहाण्यांनी नाव न कळता नावाजली, यासारखं सुख नाही.

दुसरी बाटली फार लांबून आली. माझी भाची कॅलिफोर्नियात बर्कलीला असते. तिथे कर्मिट लिंच या माणसानं १९७२ मध्ये वाइनचं दुकान काढलं. त्याला फ्रान्समधले छोटे उत्पादक हवे होते, पण ओळख नव्हती. प्रोव्हान्समध्ये राहणाऱ्या रिचर्ड ओल्नी या अमेरिकन पाककला-लेखकानं त्याला स्वतःबरोबर गावोगाव नेलं आणि भूमध्य समुद्रालगतच्या बाँदोलमध्ये पेरो कुटुंबाच्या दारात उभं केलं. त्या घरातल्या लुसियाँ पेरोंनी मूर्वेद्र या मागे पडत चाललेल्या द्राक्षाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांची पत्नी लुलू यांच्या हातच्या जेवणावर ओल्नींनी पुढे पुस्तकच लिहिलं. या बाई २०२० मध्ये वारल्या, तेव्हा १०२ वर्षांच्या होत्या. त्या घराची, डोमेन टाँपिएची, लाल बाटली भाचीला दुकानातल्या पोरानं सुचवली. तिनं सांगितलं होतं, ‘मामाला पहिल्या पावसाचा वास आवडतो.’ ती वाइन आम्ही जूनच्या अखेरीस, बाहेर रिपरिप चालू असताना उघडली. ओली माती, चामडं, काळी मनुका. ओल्नीनं लिंचला, लिंचनं आपल्या दुकानातल्या पोरांना, पोरानं भाचीला, भाचीनं मला. पन्नासेक वर्षांची तोंडी शिफारस कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पोचली. त्या संध्याकाळी आमच्यातलं कुणी बराच वेळ काही बोललं नाही.

या सांगण्याची एक बाजू आकड्यांना कधीच जमणार नाही. ओळखीचा माणूस ‘तुला नको’ असंही सांगू शकतो. आमच्या गटातल्या एका इंजिनियराचा मुलगा नोकरीला लागल्यावर म्हणाला, ‘‘काका, मीही येऊ का?’’ त्याचे आजोबा दारूनं गेले हे आम्हाला ठाऊक होतं, आणि ऑफिसच्या पार्ट्यांत मुलगा कसा वागतो तेही कानावर आलं होतं. मी त्याला जिन्यात थांबवून सांगितलं, ‘‘तू जेवायला ये, केव्हाही ये. पेला मात्र मी तुझ्यापुढे ठेवणार नाही.’’ तो रागावला. वर्षभर आला नाही. आता येतो, कोकम सरबत घेतो आणि वासाच्या शर्यतीत आम्हा सगळ्यांना हरवतो. मद्याचं कुठलंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ‘रोज एक पेला हृदयाला चांगला’ म्हणणाऱ्यांनी ते वाचावं. मी वाइनला औषध म्हणून पाहत नाही, आणि जो तशी म्हणून सुचवतो त्याची शिफारस मी घेत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा काय गदारोळ झाला होता, आठवत असेल. एक बाजू शेतकऱ्याच्या नावानं बोलत होती, दुसरी संस्कृतीच्या. निर्णय मग बारगळला. मला विचाराल तर त्या फळीचं मला कधीच प्रेम नव्हतं. साबण आणि बिस्किटांच्या मध्ये ठेवलेल्या बाटलीबद्दल कोण काय सांगणार? ‘हिला उन्हात ठेवू नका’ एवढंसुद्धा कुणी सांगणार नाही. त्यापेक्षा नाशिकच्या आसपासच्या वाइनरींनी चाखायच्या खोल्या काढल्या आहेत, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. थोडे पैसे द्या, चार घोट चाखा, समोर उभ्या असलेल्या माणसाला चार प्रश्न विचारा आणि एखादीच बाटली घेऊन या. न घेता आलात तरी काही बिघडत नाही.

पण शेतकऱ्याचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. वाइनची द्राक्षं खाण्याची नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. थॉमसनची द्राक्षं एका व्यापाऱ्यानं नाकारली तर दुसरा घेतो, निदान बेदाणा तरी होतो. वाइनच्या द्राक्षांना वाइनरीनं नाही म्हटलं, तर ती कुणाच्याच कामाची नाहीत. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं तेव्हा नाशिक जिल्ह्यात अनेकांनी उत्साहानं ही वाणं लावली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. कुणी कुणाला सांगितलं नाही, म्हणून उघडली न गेलेली प्रत्येक बाटली शेवटी त्या बांधावर जाऊन पडते.

दिंडोरी तालुक्यातल्या अण्णांची ओळख मला त्याच काळात झाली. त्यांनी चार एकरांतली दोन एकर बाग काढली, दोन ठेवली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, काढणी जानेवारी ते मार्च, सगळं स्वतः उभं राहून करतात. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकत नाही. आयुष्यात त्यांनी वाइनचा थेंब जिभेवर घेतलेला नाही. तरीही गेली दहा-बारा वर्षं मला नाशिकची वाइन तेच सांगतात. काढणीच्या आदल्या आठवड्यात मणी तोंडात टाकतात, बी दाताखाली फोडून बघतात. बी तपकिरी झाली, कडकड फुटली, तर साल पिकली. मला फोन करतात. एकदा मी विचारलं, ‘‘अण्णा, तुम्ही पीत नाही, मग पुढं तिचं काय होतं ते तुम्हाला कसं कळतं?’’ म्हणाले, ‘‘लेक सासरी गेल्यावर बाप काय रोज जाऊन बघतो व्हय? पन कशी नांदंल ते त्याला ठावं असतंय.’’

त्यांचा शेवटचा फोन आला तो काढणी संपता संपता. रात्रीची थंडी लांबली होती, अवकाळीनं दया केली होती. ‘‘पांढरी लवकर संपवा,’’ म्हणाले, ‘‘लाल दोन वर्सं ऱ्हाऊ द्या.’’ मी वहीत लिहून ठेवलं आहे: दिंडोरी, शिराझ, बी तपकिरी.